चार हजार मैलांची वाट

गेल्या मार्गशीर्षात आपल्या मंडळाच्या बैठकीत एका भगिनीच्या नातीने आपल्या पायी प्रवासाची हकीकत सांगितली, ती पुष्कळजणींच्या लक्षात असेल. आल्प्स पर्वतात माँ ब्लाँ नावाचे उंच हिमशिखर आहे. त्याच्याभोवती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड ह्या तीन देशांतून फिरणारी सुमारे 170 किलोमीटरांची पायवाट ती पोर पाठीवर पिशवी घेऊन चालून आली. जागोजाग दगडांवर रंगाच्या खुणा, रात्री निजण्यास लाकडी विश्रामगृहे, गेल्याबरोबर गरम सूप. ऐकताना आम्ही सगळ्या थक्क झालो. मग आमच्यापैकी कोणीतरी सहज विचारले की आपल्या बायकांत असे डोंगर कोणी पालथे घातले आहेत काय? मी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले. त्यावर क्षणभर शांतता पसरली आणि एक वडीलधाऱ्या बाई जरा नाराजीने म्हणाल्या की त्यांनी तर धर्म सोडला, त्यांचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशाला?

त्या बाई माझ्याहून मोठ्या. त्यांना तिथल्या तिथे उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. परंतु प्रश्न मनात राहिला. संपादक भगिनींनी लेख मागितला, तेव्हा मी हाच विषय घेतला. रमाबाई कशा चालल्या, कोठून कोठे चालल्या आणि त्या चालण्यात त्यांचे काय हरवले, हे नीट कळल्यावाचून त्यांच्या धर्मांतराविषयी बोलण्याचा आपल्याला फारसा अधिकार पोचत नाही, असे मला वाटते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती ह्या नद्या जेथे उगम पावतात ते हे ठिकाण, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मंगळूरकडच्या माळहेरंब गावचे. तरुणपणी ते पुण्यास येऊन रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकले. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. गुरूंबरोबर वाड्यात गेलेल्या ह्या शिष्याने एक बाई संस्कृत श्लोक म्हणते आहे हे कानांनी ऐकले, आणि आपल्या पत्नीलाही शिकवायचे असे त्याने मनाशी ठरवले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्या वडीलमंडळींपुढे त्यांचे काही चालले नाही. ती वारल्यावर यात्रेत असताना गोदावरीच्या काठी त्यांना एक ब्राह्मण कुटुंब भेटले. मुलीच्या बापाने स्नान करताना ह्या रुबाबदार विधुराला पाहिले, कुळगोत्र विचारले, आणि दुसऱ्याच दिवशी आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊन तो पुढच्या यात्रेला निघून गेला. शास्त्रीबुवा तेव्हा चाळिशी ओलांडलेले! आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण ती मुलगी, लक्ष्मीबाई, हिचे नशीब एवढे की नवऱ्याने तिला चुलीपाशी न कोंडता अमरकोश पुढे ठेवला.

बाईमाणसाला देवभाषा शिकवतो म्हणून समाजात गवगवा झाला. उडुपीच्या विद्वानांच्या सभेपुढे शास्त्रीबुवांना जाब द्यावा लागला. त्यांनी ग्रंथांतले आधार काढून दाखवले, आणि सभेने त्यांना दोषी ठरवले नाही. तरीही गावात सुख लाभेना म्हणून ते गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. आजूबाजूला वाघांचा वावर. तेथे झोपडी, थोडी शेती, गुरे आणि विद्यार्थी. श्रीनिवास, कृष्णाबाई आणि रमा ही भावंडे. यात्रेकरूंची रीघ लागे आणि शास्त्रीबुवा कोणाला विन्मुख जाऊ देत नसत. त्या आदरातिथ्यापायी घरची पुंजी संपली. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने ते घर सोडले. वेताच्या पेटाऱ्यात बाळाला ठेवून एका माणसाच्या डोक्यावरून डोंगराखाली आणले गेले. रमाबाईंची पहिली डोंगरयात्रा ती अशी झाली. त्याच 1858 साली पुण्यास पहिली आगगाडी पोहोचली होती हे सहज आठवले म्हणून लिहिते. गाडीचे युग सुरू झाले आणि ही मुलगी पायी चालायला जन्मली.

मग सोळा वर्षे हे कुटुंब चालत राहिले. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचायचे. ऐकणारे फुले, फळे, तांदूळ, पैसा पुढ्यात ठेवतील त्यावर निर्वाह करायचा. उरलेले दान करायचे. आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरायची. घर नाही, गाव नाही. शास्त्रीबुवा आता म्हातारे झाले होते, म्हणून रमेला शिकवण्याचे काम आईने घेतले. दिवसभर स्वयंपाक आणि यात्रेची धावपळ, म्हणून पहाटे उजाडण्यापूर्वी अर्धवट झोपेतल्या मुलीला जवळ घेऊन ती श्लोक म्हणवून घेई. बाराव्या वर्षापर्यंत रमेला भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ झाले होते. थोरल्या बहिणीचे लग्न लहानपणी करून दिले होते आणि ते फार दुःखाचे ठरले. त्या अनुभवामुळे धाकटीच्या लग्नाची बापाने घाई केली नाही. सोळा वर्षांची, अविवाहित, शास्त्र जाणणारी ब्राह्मणकन्या त्या काळी हिंदुस्थानात किती असतील?

ह्या शिक्षणात एक मोठे न्यून होते, ते पुढे रमाबाईंनीच मोकळेपणी लिहिले आहे. मुलांना व्यवहारातली कोणतीही विद्या दिली गेली नव्हती. पुराण सांगण्यावाचून पोट भरण्याचा मार्ग ठाऊक नव्हता आणि अंगमेहनत करणे कुळाला शोभणारे वाटत नव्हते. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. ज्यांच्या घरात दाणा नाही ते पुराणिकाला काय देणार? होते नव्हते ते दागिने, वस्त्रे, भांडी विकून झाली. देव प्रसन्न व्हावा म्हणून व्रते, उपास, ब्राह्मणांना दाने हेही चालूच होते. शेवटचा पैसासुद्धा त्यातच गेला. मग सगळ्यांनी मिळून रानात जाऊन मरण पत्करायचे ठरवले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर ते पाच जीव राहिले. वृद्ध पित्याने तीर्थात जलसमाधी घेण्याची तयारी केली, तेव्हा श्रीनिवासाने कुळाचा मान बाजूला ठेवला आणि मजुरी करून सर्वांना पोसतो असे सांगितले. पण फार उशीर झाला होता. रानाबाहेर आल्यावर तिसऱ्या दिवशी, तिरुपतीच्या परिसरात, अनंतशास्त्री गेले. शेवटी त्यांनी संन्यास घेतला होता, म्हणून देहाला समाधी द्यायची. खांदा देण्यास कोणी मिळेना. मुलाने धोतरात बाप गाठोड्यासारखा बांधून दोन मैलांवर एकट्याने नेला.

दीड महिन्यांनी रायचूर येथे आईची पाळी आली. तापाने फणफणलेल्या आईला भाकरीचा तुकडा हवा होता. रमा एका घरापुढे जाऊन उभी राहिली, पण भीक मागायला तोंड उघडेना. घरच्या बाईने चेहरा पाहून काय ते ओळखले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. आईला तो गिळता आला नाही. स्मशान तीन मैल दूर. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा श्रीनिवास, चौथी रमा. तिची उंची कमी म्हणून तिरडीचा तो कोपरा खांद्यावर न राहता तिने डोक्यावर घेतला. काही महिन्यांनी कृष्णाबाईही पटकीने गेली. उरले भाऊ आणि बहीण.

येथून पुढचे चालणे ऐका. दक्षिणेतून निघून ही दोघे उत्तरेस काश्मीरपर्यंत गेली आणि तेथून वळून पूर्वेस कलकत्त्यापर्यंत आली. रमाबाईंच्या हिशेबाने ही वाटचाल चार हजार मैलांहून अधिक झाली. किलोमीटरांत सांगायचे तर जवळजवळ साडेसहा हजार. आपल्या माँ ब्लाँवाल्या मुलीची वाट अडतीस वेळा चालावी तेव्हा एवढे अंतर भरेल. मी स्वतः तुकोबारायांच्या पालखीबरोबर मांजरी फाट्यापासून लोणीपर्यंत जाते. तेवढ्यानेही दुसऱ्या दिवशी पाय सुजतात आणि घरची मंडळी गरम पाण्याचे घमेले पुढे करतात. देहूपासून पंढरपूरपर्यंत सारी वाट चालणाऱ्या वारकऱ्याला सुमारे अडीचशे किलोमीटर पडतात, आणि त्याच्या मागेपुढे लाखो माणसे असतात, गावोगाव पिठले-भाकरी तयार असते. ह्या दोघांना निजायला मिळाली तर धर्मशाळा, नाहीतर झाडाखालची जागा. अंगावर जाडेभरडे कपडे. कोणी दिले तर खायचे, नाही तर पुढे चालायचे.

पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने त्यांना गाठले. अंथरूण-पांघरूण काहीच नव्हते. तेव्हा त्यांनी वाळवंटात माणूस मावेल असे दोन खड्डे खणले, त्यांत उतरून निजले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. खायला मूठभर भिजवलेले धान्य आणि चिमूटभर मीठ. तेही नसले तर रानातली बोरे, ती टरफलासकट आणि आठळीसकट गिळायची, म्हणजे पोटात काही पडल्यासारखे वाटते. मी हे प्रथम वाचले तेव्हा कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. पुढे ज्या बाईला पंडितांनी सरस्वती म्हटले, तीच ही वाळूत पुरून घेऊन रात्र काढणारी मुलगी.

हिमालयातली एक गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे एका सरोवरावर सात तरंगते डोंगर असल्याची ख्याती होती. यात्रेकरू निष्पाप असेल तर डोंगर तरंगत त्याच्याजवळ येतात, पापी असेल तर हलत नाहीत. पाण्यात सुसरी आहेत म्हणून कोणी उतरू नये, अशी पुजाऱ्यांची ताकीद. दोघांनी भक्तिभावाने काठावरून प्रार्थना केली. डोंगर जागचे हलले नाहीत. श्रीनिवास मात्र स्वस्थ बसणारा नव्हता. पुजारी जवळ नाहीत असे पाहून तो भल्या पहाटे पाण्यात शिरला आणि पोहत डोंगरांपाशी गेला. पाहतो तो मातीचे ढिगारे! तराफ्यांवर माती थापून वर झाडे लावलेली. मागे होडी ठेवलेली, म्हणजे दक्षिणा पोहोचली की आतला माणूस डोंगर हळूहळू काठाकडे ढकलणार. आपण निष्पाप नाही म्हणून देव भेटत नाही, ह्या समजुतीने आईबाप उपाशी मेले होते. त्या मुलांना हा तराफा पाहून काय वाटले असेल ते प्रत्येकीने आपल्या मनाशी ताडून पाहावे. रमाबाईंची श्रद्धा एखाद्या पाद्र्याच्या व्याख्यानाने एका दिवसात उडाली नाही. ती वाटेवर, एकेका क्षेत्री, थोडी थोडी झिजली. माझ्या वडीलधाऱ्या भगिनीला मी एवढेच सांगू इच्छिते.

1878 साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. बावीस वर्षांचीही न झालेली मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते हे पाहून तेथले विद्वान चकित झाले. परीक्षा घेऊन त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदांची प्रत ठेवली. स्त्रियांनी वेद वाचू नयेत असे लहानपणापासून ऐकलेली रमा ती घेताना गोंधळली होती. आता पालख्या, सभा, सत्कार. पण चैन लाभायची नव्हती. मे 1880 मध्ये ढाक्याला श्रीनिवास वारला. इतकी वर्षे ज्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकले तो गेला. त्यानंतर काही काळाने रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात निराळी, प्रांत निराळा; दोन्हीकडच्या लोकांनी पाठ फिरवली. 1881 मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पती गेला. संसार उणापुरा वीस महिन्यांचा.

चोवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही पोर, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या. आल्या त्याच वर्षी, 1882 मध्ये, त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. बायकांनी घराबाहेर एकत्र बसावे, वाचावे, बोलावे, हे तेव्हा पुण्यात केवढे धाडस होते! आपल्यासारख्या मंडळांची ती थोरली बहीण म्हटली पाहिजे. त्याच वर्षी सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन त्यांनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात अशी मागणी केली, आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक लिहिले. त्याच्या विक्रीचा पैसा विलायतेच्या प्रवासास उपयोगी पडला. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकायची होती, पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत राहिला. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

तीन वर्षांनी आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे सबंध देश फिरून, व्याख्याने देऊन, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. आता त्या आगगाडीने फिरत होत्या एवढाच फरक. अमेरिकेतल्या लोकस्थितीवर त्यांनी मराठीत लिहिलेले पुस्तक 1889 मध्ये निघाले. ते आजही वाचण्यासारखे आहे.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी विवाह केला, त्याच पुढे बाया कर्वे. त्याच साली सदनावर वादळ आले. मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून केसरीने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून घेतल्या. ह्या प्रकरणात टीकाकारांची बाजू अगदीच निराधार होती असे मला म्हणवत नाही. मुलींना धर्माच्या बाबतीत मोकळीक राहील अशी हमी होती आणि आई मानलेल्या बाईच्या प्रार्थनेचा लहान मुलीवर परिणाम होणारच. पण त्या मुलींना दुसरे दार कोणते उघडे होते, हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांनी विचारला. विचारणाऱ्यांत अण्णासाहेब कर्वे होते आणि त्यांनी 1896 मध्ये स्वतः आश्रम काढून त्याचे उत्तर दिले.

त्याच 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातमी कानी येताच रमाबाईंना रानातले ते अकरा दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि अन्नान्न करणाऱ्या मुली, विधवा गोळा करून घेऊन आल्या. इतक्या जणींना पुण्यात ठेवणे शक्य नव्हते, त्यात 1897 चा प्लेग. सुदैवाने सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला शंभरएक एकर जमीन घेऊन त्यांनी फळझाडे लावून ठेवली होती. त्या माळावर राहुट्या आणि झोपड्या पडल्या आणि मुक्ती सदन उभे राहिले. 1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ झाला तेव्हा तेथील वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली. दोन हजार पानांचा रोजचा स्वयंपाक डोळ्यांपुढे आणून पाहा! विहिरी, शेती, गोठा, तेलाचा घाणा, माग, शिवण, छापखाना. सगळे मुलींच्या हातांनी चाले. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवीत. फसवल्या गेलेल्या बायकांना निराळे घर. आईबापांनी जी चूक केली होती, नुसती पोथी शिकवून हात रिकामे ठेवले होते, ती रमाबाईंनी एकाही मुलीच्या बाबतीत होऊ दिली नाही.

उतारवयात कान जवळजवळ गेले. तरी हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या बायबलाचे मराठी भाषांतर करीत राहिल्या. जुन्या भाषांतरातली जड मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही म्हणून हा खटाटोप. मुलींनीच खिळे जुळवायचे, मुलींनीच छापायचे. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा मिरजेत वारली. आईचे काम पुढे चालवण्यास तयार झालेली ती एकुलती एक लेक. रमाबाईंनी भाषांतर मात्र थांबवले नाही. ते पुरे झाले आणि 5 एप्रिल 1922 रोजी केडगावला त्यांनी देह ठेवला.

मुक्ती मिशन केडगावला आजही आहे. पुण्याहून दौंडकडे जाणारा लोहमार्ग आपल्या मांजरीवरूनच जातो. लोणी, उरुळी, यवत करीत गाडी केडगावला पोहोचते. पालखीच्या वाटेने गेले तर यवत सोडून वरवंडच्या अलीकडे चौफुल्याला डावीकडे वळायचे. ज्या वडीलधाऱ्या भगिनीचा आक्षेप होता त्यांना लेखाचा हा मजकूर मी आधीच वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी तिरडीची ती हकीकत पुन्हा एकदा वाचायला सांगितली. त्यांचे मत बदलले किंवा नाही ते मी विचारले नाही. परंतु संक्रांतीनंतर मंडळातर्फे केडगावला जाण्याचे ठरत आहे, आणि नावे नोंदवण्याच्या वहीत पहिले नाव त्यांचे आहे.